एकशे साठ किलो

पेठ रोडच्या वजनकाट्यावर
कांद्याच्या दोन ट्रकांमध्ये उभा आमचा पांढरा ट्रेलर,
चुकून दहावीच्या वर्गात शिरलेल्या
पहिलीच्या पोरासारखा.
काटेवाल्याने खिडकीतून मान काढली:
‘माल काय?’
कुमुदिनी म्हणाली, ‘अजून ठरायचंय.’

चिठ्ठी आली: अकराशे चाळीस.
जीप ओढते तेराशे.
म्हणजे साठी उलटल्यावर हातात उरलेली
एकशे साठ किलो हौस.

परतताना द्वारकेच्या सिग्नलला मी हिशोब मांडला.
छतावर सोलर: बावीस.
लिथियमची बॅटरी: चौदा, साधीपेक्षा निम्मी, हेही बघ ना.
पाण्याची दुसरी टाकी: रिकामी सहा, भरली की सहासष्ट.
‘पाणी वाटेत मिळतं,’ ती म्हणाली,
‘महाराष्ट्र आहे, मंगळ नाही.’
एसी: पस्तीस.
यावर ती काही बोलली नाही, नुसती काच खाली केली.
नाशिकचा डिसेंबर आत आला
आणि माझे पस्तीस किलो घेऊन गेला.

शेजारचे आहिरराव रोज विचारतात,
‘फ्लॅटचे हप्ते फिटले म्हणून
आता घरालाच चाकं लावलीत का?’

एकतीस वर्षं मी सातपूरला क्वालिटीत होतो.
दुसऱ्यांनी घडवलेल्या वस्तू
मायक्रोमीटरच्या जबड्यात धरायचो.
वीस मायक्रॉन जास्त? परत.
लाल खडू खिशातच असायचा.
घरी मात्र वरणात मीठ जास्त झालं तरी
मी बोलायचो नाही, असं मला वाटतं.
कुमुदिनीला वेगळं वाटतं.

यादीत एक ओळ मी तिला न विचारता लिहिली होती:
वरचा बंक, घडीचा, अठ्ठावीस किलो.
निनाद आणि त्याची पोरगी आली तर.
अंबडला, खैरनारांच्या शेडमध्ये,
तिने ती वाचली. चष्मा लावून, दोनदा.
वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून
खैरनार वाट बघत राहिले.

‘मेलबर्नहून तो चौदा दिवसांसाठी येतो,
त्यातले चार झोपेचे, पाच सासरचे.
उरलेल्या पाचांसाठी आपण वर्षभर
अठ्ठावीस किलो घाटातून ओढायचे?’
‘आला तर,’ मी म्हणालो.
‘आला तर खाली गादी टाकू.’
खैरनारांनी ग्राइंडर सुरू केला, बंद केला.
काही आवाज माणसं मुद्दाम करतात.

मग तेच म्हणाले, ‘ताई, तुम्हाला काय पाहिजे?’
हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं.
कोणी म्हणजे मी.

‘खिडकी. उशीपाशी. उघडणारी.
सिव्हिलला सत्तावीस वर्षं नाइट केली.
पहाट नेहमी उभ्यानेच बघितली,
हातात कुणाच्या तरी तापाचा कागद.
एकदा आडवं पडून बघायचीय.’

पत्रा एकदा कापला की कापला, खैरनार म्हणाले,
नक्की कुठे ते दाखवा.
ती चपला काढून आत गेली,
उघड्या प्लायवुडवर कुशीवर झोपली,
ॲल्युमिनियमच्या भिंतीकडे तोंड करून,
आणि बोट टेकवलं: ‘इथे.’
त्यांनी बोटाभोवती खडूने चौकोन आखला.

ती उठल्यावर मीही झोपून पाहिलं,
तिच्या जागेच्या अलीकडे. जुनी खोड.
चौकोन माझ्या डोळ्यांच्या रेषेत नव्हता,
चार बोटं खाली होता.
इथून मला पहाट दिसणार नाही,
तिचा खांदा दिसेल,
आणि खांद्यावरून उरली तर एखादी पट्टी.

‘साहेब, थोडी वर घेऊ?’
‘नको,’ मी म्हणालो. ‘पास.’

खिडकीचे सात किलो.
यादी जीपच्या कप्प्यात आहे.
बंकच्या ओळीवर तिने अजून काट मारलेली नाही.
मीही नाही.